पहिलं रेकॉर्डिंग म्हणजे कच्चा खर्डा

एकाने प्रश्न विचारला, तो थोडक्यात असा: हान्स रॉट नावाच्या, एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात होऊन गेलेल्या एका मुलाची सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी, अनेक भागांची रचना, ऐकली आणि दोन दिवस दुसरं काही ऐकवेना. एवढी चांगली रचना शंभर वर्षं कुणी वाजवली कशी नाही? अशा सिम्फनी सापडतात कुठे? पहिल्यांदा रेकॉर्ड करताना नेमकं काय करावं लागतं? आणि शेवटी, जरा वैतागूनच, तो ट्रँगल, म्हणजे काडीने वाजवायचा धातूचा त्रिकोण, इतका का वाजत राहतो?

ट्रँगलवर शेवटी येतो, कारण त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे.

मी मूळचा दादरचा, गेली बावीस वर्षं जर्मनीत रेकॉर्डिंग प्रोड्यूसर. इथे या कामाला टोनमाइस्टर म्हणतात. स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं नोटेशन, समोर घेऊन कंट्रोल रूममध्ये बसायचं, 'बार १४२, दुसरा ओबो आधी आला, पुन्हा घेऊ' असं टॉकबॅकवर, म्हणजे हॉलमधल्या स्पीकरवर, सांगायचं (बार म्हणजे नोटेशनमधला उभ्या रेघांनी आखलेला तालाचा एक खण, ओबो हे एक फुंकवाद्य) आणि मग घरी येऊन काही आठवडे शेकडो तुकडे जोडत एक सलग वादन उभं करायचं. माझं निम्मं आयुष्य रोमँटिक काळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या, म्हणजे साधारण १८७० ते १९२० मधल्या, कुणी न वाजवलेल्या रचनांवर गेलंय. त्यामुळे जे लिहितो ते कंट्रोल रूमच्या काचेमागून दिसलेलं आहे, विद्यापीठातून नव्हे.

आधी 'सापडली' या शब्दाबद्दल. तो ऐकला की आजीच्या ट्रंकेत तळाशी नथ मिळावी असं चित्र डोळ्यांपुढे येतं. क्वचित तसं घडतंही. फ्लॉरेन्स प्राइस ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय संगीतकार. तिची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली होती, म्हणजे ती काही अगदीच अनोळखी नव्हती. तरी २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावात एका पडीक घराची डागडुजी सुरू असताना तिच्या हस्तलिखितांचा ढीग मिळाला, आणि त्यात १९४५ ची चौथी सिम्फनी होती. ती पहिल्यांदा वाजली २०१८ मध्ये, आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ गावच्या वाद्यवृंदाकडून. गळक्या घरात ते कागद आणखी चार पावसाळे टिकले नसते.

पण हा अपवाद. बहुतेक सिम्फनी कधी हरवलेल्याच नसतात. सरकारी ग्रंथालयात कार्डावर नाव असतं, नोंद क्रमांक असतो, कपाट ठरलेलं असतं. मागणीची चिठ्ठी भरणारा माणूस तेवढा येत नाही.

रॉटचं हेच झालं. जन्म १८५८ चा. कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, संगीतकार ब्रुकनरकडे ऑर्गन शिकला. पुढे सिम्फनींसाठी नावाजलेला गुस्ताफ माहलर त्याच्याबरोबरचा विद्यार्थी. १८७८ मध्ये सिम्फनीचा पहिला भाग त्याने स्पर्धेत दिला. बक्षीस मिळालं नाही. १८८० मध्ये सगळी सिम्फनी पूर्ण करून तो ब्राह्म्सकडे, म्हणजे व्हिएन्नातल्या त्या वेळच्या वजनदार संगीतकाराकडे, गेला, आणि ब्राह्म्सने त्याला संगीत सोडून द्यायचा सल्ला दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये म्यूलहाउझनला नोकरीवर जाताना आगगाडीत शेजारच्या प्रवाशाने सिगार पेटवायला घेतला, तेव्हा रॉटने पिस्तूल काढलं: ब्राह्म्सने गाडीत डायनामाइट भरून ठेवलंय, काडी ओढू नका! तिथून तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १८८४ मध्ये क्षयाने वारला. वय पंचवीस.

मित्रांनी त्याचे कागद जपले, पुढे ते व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आले. माहलरने १९०० साली ते हस्तलिखित वाचायला नेलं होतं, रॉटबद्दल तो फार मोठेपणाने बोलला, पण सिम्फनी त्याने वाजवली नाही. मग शांतता. पॉल बँक्स नावाचा इंग्रज संशोधक माहलरच्या तरुणपणाचा माग काढत होता. त्या ओघात त्याने हे बाड मागवलं आणि वाजवता येईल अशी प्रत तयार केली. ४ मार्च १९८९ ला अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये गेरहार्ड सॅम्युएल यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाने ती पहिल्यांदा वाजवली. लिहून झाल्यावर १०९ वर्षांनी! तिसरा भाग ऐकताना 'हे तर माहलरच्या पहिल्या सिम्फनीतून उचललंय' असं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं. रॉटची तारीख आठ वर्षं आधीची आहे.

आता मुद्द्याचं. स्कोअर सापडला म्हणजे सिम्फनी सापडली असं नव्हे. स्कोअरमध्ये सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, तो कंडक्टरसाठी. वादकासमोर फक्त त्याची ओळ असते, तिला पार्ट म्हणतात. मोठ्या रोमँटिक वाद्यवृंदात सोळा पहिली व्हायोलिन्स, चौदा दुसरी, बारा व्हायोला, दहा चेलो, आठ डबल बेस. दोघांत एक स्टँड, म्हणजे नुसत्या तंतुवाद्यांचेच तीस पार्ट झाले. फुंकवाद्यं आणि तालवाद्यं धरली की पंचावन्न-साठ बाडं होतात. एक सिम्फनी वाजवायची तर ही साठ बाडं हवीत, सगळी एकमेकांशी जुळणारी.

आणि हरवतात ते पार्ट. छापील स्कोअरच्या प्रती जगभर गेलेल्या असायच्या. पार्टचे संच मात्र प्रकाशकाकडे एक-दोनच, भाड्याने द्यायचे. ३ आणि ४ डिसेंबर १९४३ मधल्या रात्री ब्रिटिश विमानांनी लाइप्झिगवर बॉम्ब टाकले आणि शहरातला प्रकाशकांचा भाग जळाला. किती संगीतकार त्या एका रात्रीत 'विस्मृतीत' गेले! दुसऱ्या दिवशी त्यांचं संगीत वाईट झालं नव्हतं, ते वाजवायला कागद उरले नव्हते. याउलट फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्लायशर संग्रह आहे. तिथे १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, सरकारी पगारावर बेकार संगीतकार बसवून पार्ट उतरवून घेतले गेले. ते संच आजही वाद्यवृंद मागवतात. मला एखादी रचना सुचवली की मी आधी सूर ऐकत नाही, 'पार्ट आहेत का?' असं विचारतो. लोकांना ते रुक्ष वाटतं.

पार्टचं महत्त्व मला जर्मनीत येण्याआधीच शिकवलं गेलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं एवढंच. मी व्हायोलिन शिकलो माहीमला, गोव्याच्या एका सरांकडे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत आयुष्य काढलेली ती पिढी. अरेंजरचा स्कोअर रात्री यायचा आणि सकाळच्या रेकॉर्डिंगआधी सर चाळीस वादकांचे पार्ट हाताने उतरवायचे. मला हाताशी घ्यायचे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा नंबर घालायचा, हा त्यांचा नियम. विसरलो तर पान फाडून पुन्हा लिहायला लावायचे. मला तो निव्वळ छळ वाटायचा.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्व युरोपातलं एक शहर, एका विस्मृत संगीतकाराची सिम्फनी, पहिलंच रेकॉर्डिंग. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांच्याकडून अजून पैसे यायचेत. तंतुवाद्यांचे पार्ट मूळ प्रकाशकाचे छापील होते. फुंकवाद्यांचे हरवलेले, म्हणून नंतर कधीतरी कुणी हाताने उतरवलेले. बारचे नंबर कुठेच नाहीत, फक्त तालमीची अक्षरं: ए, बी, सी, म्हणजे मधूनच सुरुवात करायची तर सगळ्यांना एकच जागा सापडावी म्हणून ठरावीक ठिकाणी घातलेल्या खुणा. पहिला भाग सुरळीत गेला. शेवटच्या भागात कंडक्टर म्हणाला, 'एमपासून.' सगळ्यांनी सुरुवात केली. मी स्कोअरवर बोट ठेवून ऐकत होतो आणि काय चाललंय ते कळेना. आठ बार वाजले. कुणी थांबलं नाही! नवव्या बारला पहिल्या क्लॅरिनेटवाल्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि अदबीने विचारलं, 'हे असंच आहे का?'

घोळ सापडायला पंचवीस मिनिटं गेली. जुन्या जर्मन पद्धतीत तालमीच्या अक्षरांत जे गाळायचे, कारण हाताने लिहिलेला आय आणि जे सारखेच दिसतात. छापील स्कोअरमध्ये आयनंतर थेट के होता. फुंकवाद्यांचे पार्ट उतरवणाऱ्याने मात्र प्रामाणिकपणे जे घातला. म्हणजे केपासून पुढे अर्धा वाद्यवृंद एक अक्षर मागे, अर्धा पुढे. पहिल्या भागात अक्षरं एचवरच संपत होती, म्हणून तोपर्यंत पत्ता लागला नाही. त्या रात्री हॉटेलवर मी, कंडक्टरचा सहायक आणि वाद्यवृंदाचा ग्रंथपाल असे तिघे बसलो आणि साठ बाडांवर पेन्सिलीने बारचे नंबर घातले. पहाटे चारला मला माहीमच्या सरांची फार आठवण आली.

पण खरी भीतीदायक गोष्ट ते आठ बार. ब्राह्म्सच्या सिम्फनीत पार्टमध्ये चूक असली तरी वादकाचा कान ती आपोआप दुरुस्त करतो. रचना त्याच्या अंगात असते. इथे कुणाच्याच अंगात काही नाही. त्यात काळ असा की सूर मुद्दाम वाकडेतिकडे जातात, एक पट्टी सोडून दुसरीकडे निसटतात. त्यामुळे चुकीचा सूर ऐकू आला की प्रत्येकाला वाटतं, असेल बुवा, धाडसी दिसतोय संगीतकार. हॉर्न या पितळी वाद्याच्या नोटा कोणत्या पट्टीत वाचायच्या ते स्कोअरमध्ये मधेमधे बदलतं. त्याच्या ओळीत 'आता ई मध्ये' अशी बारीक सूचना पानाच्या तळाशी असते. उतरवणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली तर हॉर्नवाला एफ समजूनच वाजवत राहतो आणि सगळं अर्ध्या सुराने वर जातं. जर्मनांच्या लिहिण्यात बे म्हणजे बी-फ्लॅट आणि हा म्हणजे साधा बी. ते ठाऊक नसलेल्याने पार्ट टाइप केले की आणखी गंमत. माझ्या हातून अशी एक चूक सीडीवर गेलेली आहे. दोन बार, तिसरा हॉर्न. परीक्षणात एकाने त्याच जागेचं 'धक्कादायक विसंवाद' म्हणून कौतुक केलं. मी गप्प बसलो.

जुन्या पार्टवर पेन्सिलीच्या खुणा असतात, त्या वाचणं हे वेगळंच काम आहे. निळ्या पेन्सिलीने 'वी' आणि चार पानांनंतर 'डे' असं लिहिलेलं असतं: मधलं सगळं गाळा. हे संगीतकाराने स्वतः गाळलं, की जेवणाची वेळ झाली म्हणून कुठल्या कंडक्टरने? अक्षर ताडून पाहायचं, दुसऱ्या पार्टमध्ये तीच खूण आहे का बघायचं. शंका राहिली तर मी गाळलेला भागही रेकॉर्ड करून घेतो. नंतर पस्तावण्यापेक्षा बरं.

वेळेचा हिशोब ऐकलात तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल. एक सेशन तीन तासांचं, मध्ये सुट्टी. त्यातून हाती लागतं बारा, फार तर पंधरा मिनिटांचं पक्कं संगीत. रॉटसारखी पंचावन्न मिनिटांची सिम्फनी म्हणजे चार-पाच सेशन. ओळखीच्या रचनेत पहिल्या टेकलाच, म्हणजे पहिल्यांदा सलग वाजवून रेकॉर्ड करतानाच, वाद्यवृंद तयार असतो. अनोळखी रचनेत पहिला टेक म्हणजे नुसतं वाचन, दुसरा म्हणजे चुका काढणं, तिसऱ्यात कुठे संगीत सुरू होतं, आणि तेवढ्यात घड्याळ संपतं. म्हणून क्रम बदलायचा. शेवटचा भाग, जिथे पितळी वाद्यं जीव तोडून वाजतात, तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ओठ ताजे असताना. संथ भाग सगळ्यात शेवटी, कारण तोपर्यंत वादकांना या माणसाची बोली कळलेली असते. दिवसभरात हॉल तापतो तसा वाद्यवृंदाचा सूरही किंचित चढतो. सकाळचा तुकडा संध्याकाळच्या तुकड्याला जोडायचा तर ते आधी लक्षात ठेवावं लागतं.

पैसा कुठून येतो? जर्मनीत त्याचं उत्तर बहुतेकदा रेडिओ. हॅनोव्हर, फ्रँकफर्ट, सारब्रुकन अशा शहरांत रेडिओचे पगारी वाद्यवृंद आहेत. ते एखादी रचना प्रसारणासाठी बसवतात आणि सीपीओसारखी कंपनी सीडी काढते. सीपीओ १९८६ पासून हेच करतेय. त्याआधी १९८२ मध्ये क्लाउस हायमान यांनी हाँगकाँगमध्ये मार्को पोलो ही कंपनी काढली, नाव शोधयात्रेला साजेसंच. तिने ब्रातिस्लाव्हा, कोशित्से इथले वाद्यवृंद घेऊन कमी खर्चात कपाटंच्या कपाटं रेकॉर्ड केली. योआखिम राफ या एकोणिसाव्या शतकातल्या संगीतकाराच्या अकरा सिम्फनी आमच्या पिढीने तिथूनच पहिल्यांदा सलग ऐकल्या. आणि इथेच माझं म्हणणं सुरू होतं, ते जरा कडू आहे.

पहिलं रेकॉर्डिंग हा कच्चा खर्डा असतो. ते सरकारी राजपत्र नव्हे. पण जग त्याला राजपत्र समजतं. घाईत वाचलेली, नोटा बरोबर पण वाक्यं तुटलेली अशी एक सीडी येते. परीक्षक ऐकतात आणि लिहितात: 'सुबक, पण लांबट, विसरली गेली यात नवल नाही.' झालं. पुढची वीस-तीस वर्षं त्या संगीतकाराच्या नावावर तेवढंच राहतं, कारण 'ते तर होऊन गेलंय' म्हणत दुसरी कंपनी पैसे घालत नाही. सिम्फनीवर दोनदा अन्याय होतो, दुसऱ्यांदा तर तिच्या चाहत्यांकडूनच.

डेन्मार्कच्या रूद लांगगॉरचं उदाहरण घ्या. १९१३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याची तासाभराची पहिली सिम्फनी बर्लिन फिलहार्मोनिकने माक्स फिडलर यांच्या हाताखाली वाजवली. मायदेशात मात्र त्याला कुणी विचारेना. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने रीब गावच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गन वाजवत काढली, १९५२ मध्ये वारला, मागे सोळा सिम्फनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इल्या स्टूपेल यांनी पोलंडच्या एका वाद्यवृंदाकडून सोळाच्या सोळा रेकॉर्ड केल्या. त्या धडपडीला माझा नमस्कार. पण ऐकताना वाटायचं, हा माणूस विक्षिप्त आहे, त्यापुढे काही नाही. मग स्कोअर तपासून, दुरुस्त करून नव्या आवृत्त्या निघाल्या आणि थॉमस डाउसगॉर यांनी डॅनिश राष्ट्रीय वाद्यवृंदाबरोबर दुसरा संच केला. त्याच सिम्फनी, पण आता त्यांना कणा होता. २०२२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने साकारी ओरामो यांच्याबरोबर ती पहिली सिम्फनी पुन्हा वाजवली. इथेही मध्ये १०९ वर्षं. रॉटशी हा आकडा जुळतो, त्यात गूढ काही नाही, पण मला आवडतो.

रॉटला नशीब चांगलं लाभलं. विद्यार्थ्यांच्या त्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये त्रुटी आहेत, पण जिद्द ऐकू येते. नंतर सेगरस्टाम, पावो यार्वी, याकुब ह्रुशा अशा कंडक्टरांनी ती आपापल्या परीने सोडवली. ह्रुशा यांचं बांबर्गच्या वाद्यवृंदाबरोबरचं २०२२ चं रेकॉर्डिंग आणि १९८९ चं पहिलं, दोन्ही शेजारी ठेवून ऐका. पहिल्या भागात सुरुवातीलाच ट्रंपेट येतो. १९८९ मध्ये तो नुसता उंच आवाज आहे. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या खालची तंतुवाद्यं त्याला उचलताहेत हे कळतं. वादकांना तोवर पुढे काय येणार ते ठाऊक झालेलं असतं, एवढाच फरक.

मुंबईशी या सगळ्याचा एक धागा आहे. फ्रान्झ श्मिट हा व्हिएन्नाचा संगीतकार. लेकीच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये लिहिलेली त्याची चौथी सिम्फनी एकट्या ट्रंपेटने सुरू होते. व्हिएन्नाबाहेर तिला फारसं कुणी हात लावत नसे. शेवटच्या दिवसांत त्याने नाझींसाठी एक रचना हाती घेतली, तेही नावाला चिकटलं. चौथी त्याआधी रेकॉर्ड झालेली होती. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर तिचं जे रेकॉर्डिंग डेक्का कंपनीने काढलं, त्यामुळे बाहेरच्या जगातल्या कित्येकांना ती पहिल्यांदा कळली. कंडक्टर झुबिन मेहता. मुंबईत वाढलेला, व्हिएन्नात शिकलेला माणूस व्हिएन्नाच्याच उपेक्षिताची वकिली करतो, याची मला अजून मजा वाटते.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी विक्रेत्यासारखा बोलतोय असं वाटेल. कपाटातल्या बहुतेक सिम्फनी ठीकठाक असतात. नीट शिकलेल्या माणसाने नीट लिहिलेल्या, आणि त्यापलीकडे काही नाही. शंभर वर्षांनी त्या ऐकल्या नाहीत तर कुणाचं काही बिघडत नाही. निवडताना मी सुरुवात वाचत नाही. चांगला मुखडा कुणालाही सुचतो. मी थेट शेवटच्या भागाची शेवटची वीस पानं उघडतो. तिथे माणूस नुसता आवाज वाढवत नेतोय, की आधी पेरलेलं काही उगवतंय? मग मधले दुवे पाहतो, एका थीमवरून दुसरीवर जाताना हात थरथरतो का. रॉटचा थरथरतो. शेवटच्या भागात तो ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीकडे इतका उघड बघतो की आपल्यालाच संकोच वाटतो. आणि तरीही ती सिम्फनी निवडावी लागते, कारण तिसऱ्या भागात जे घडतं ते १८८० मध्ये दुसरं कुणी लिहीत नव्हतं.

'मग विसरले का?' याला एक उत्तर नाही. राफ हयात असताना भरपूर वाजत होता, मग फॅशन बदलली. काहींना नाझींनी बंदी घातली. पळून गेलेल्यांचं संगीत नव्या देशात जुनाट ठरलं. दोरा पेयाचेविच ही क्रोएशियाची सरदारघराण्यातली बाई, तिची एफ-शार्प मायनर सिम्फनी १९२० मध्ये ड्रेस्डेनला पूर्ण वाजली. तीन वर्षांनी बाळंतपणानंतर ती गेली, सदतिसाव्या वर्षी, आणि बाजू मांडणारं कुणी उरलं नाही. हॅवर्गल ब्रायन या इंग्रज संगीतकाराने बत्तीस सिम्फनी लिहिल्या. त्यांतल्या कुठल्याही दोन बाजारासाठी पहिल्यांदा रेकॉर्ड झाल्या तेव्हा १९७२ साल होतं, ब्रायन शहाण्णव वर्षांचा, आणि वाजवणारी होती लेस्टरशरची शाळकरी पोरं! मोठ्या वाद्यवृंदांना वेळ नव्हता.

आपल्याकडे असं काही पडून आहे का, हेही कुणीतरी विचारेलच. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराचं नाव शोधा. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने लिहिलेली 'वर्ल्ड रिक्विएम' ११ नोव्हेंबर १९२३ ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये वाजली, काही वर्षं गाजली, मग बंद. ती पुन्हा वाजली आणि रेकॉर्ड झाली ११ नोव्हेंबर २००७ ला, त्याच हॉलमध्ये. मधल्या काळात हा माणूस भारतात आला, दिल्लीला ऑल इंडिया रेडिओवर युरोपियन संगीताचा प्रमुख झाला, देशी वाजंत्र्यांना घेऊन वाद्यवृंद बांधला, आणि १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने वारला. भारतीय वाद्यं आणि युरोपियन वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली त्याची पूर्व-पश्चिम सिम्फनी हरवलेली आहे. ही मात्र खरोखर हरवलेली, नोंद क्रमांकाशिवाय. दिल्ली किंवा कोलकात्यात कुणाच्या हाती जुनी नोटेशनची बाडं लागली तर कृपा करून रद्दीवाल्याला विचारण्याआधी उघडून पाहा.

आता ट्रँगल.

रॉटच्या स्कोअरमध्ये ट्रँगलची ओळ बघितली तर पानंच्या पानं एकच थरथरती रेघ आहे. थांब म्हणून नाही. बावीस वर्षांचा मुलगा, वाद्यवृंदाकडून ही सिम्फनी कधी वाजवून घेतलेली नाही. खुर्चीत बसून लिहिताना त्याच्या डोक्यात तो आवाज म्हणजे मंद झळाळी असणार. प्रत्यक्षात ती शाळेची घंटा होते. ब्रुकनर, माहलर यांनी तालमीत ऐकून खोडाखोड केली. रॉटला ती एक तालीम मिळाली नाही, आणि तो ट्रँगल म्हणजे त्या न झालेल्या तालमीची खूण आहे असं मी मानतो.

रेकॉर्डिंगमध्ये त्याचा त्रास दुहेरी. एक तर तो सगळ्यांच्या वर तरंगतो. मायक्रोफोन वर टांगलेले असतात आणि बारीक, तीक्ष्ण आवाज त्यांना सगळ्यात आधी गाठतो. दुसरं म्हणजे जोड दिसतो. दोन टेक जोडताना व्हायोलिनचा सूर सहज मिसळतो, पण सतत किणकिणणाऱ्या धातूचा पोत टेकगणिक वेगळा असतो. कापलं की ऐकू येतं.

काही वर्षांपूर्वी एका रेडिओ वाद्यवृंदाबरोबर ही सिम्फनी माझ्या वाट्याला आली. पहिल्या सेशननंतर कंडक्टर म्हणाला, निम्मा ट्रँगल गाळू. मी म्हटलं, मग ते रॉटचं राहणार नाही. चहाच्या सुट्टीत अर्धा तास वाद झाला. शेवटी तोडगा काढला तो तालवादकानेच. त्याने ट्रँगल सगळ्यात मागच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून टांगला, जाड काडीऐवजी विणायच्या सुईएवढी बारीक सळई घेतली आणि कोपऱ्याऐवजी मधल्या दांडीवर वाजवायला लागला. मी त्याच्याजवळचा माइक बंद केला. आणि मोठे टेक घेतले, चार-चार मिनिटांचे, म्हणजे कापायची वेळच कमी येईल.

तिसऱ्या टेकनंतर त्याने हात वर करून विचारलं, पुढच्या वेळी डाव्या हाताने वाजवलं तर चालेल का, उजवा सुन्न झालाय. तो डाव्या हाताचाच टेक मी वापरला. हेडफोन लावून ऐकलंत तर अर्ध्यात किणकिण किंचित मऊ होते, ती जागा सापडेल.